रिद्धपूरच्या विद्यापीठाचे परिनियम आणि अधिकार मंडळे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले, याचा आनंद आम्हा वऱ्हाडातल्या मराठी शिक्षकांना किती झाला असेल, हे वेगळे सांगायला नको. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते याच गावी. त्याच पंथाच्या गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथलेच आणि आद्य कवयित्री महदंबेची आठवणही याच गावाशी जोडलेली. तमिळसाठी तंजावरला १९८१ मध्ये, तेलुगूसाठी हैदराबादला १९८५ मध्ये, कन्नडसाठी हंपीला १९९१ मध्ये आणि मल्याळमसाठी तिरूरला २०१२ मध्ये त्या त्या राज्याने विद्यापीठ उभे केले. आपल्याकडे २०२३ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला. उशीर झाला, पण काम पायाशुद्ध झाले, कारण शासन निर्णयाने काढलेली संस्था दुसऱ्या शासन निर्णयाने गुंडाळता येते. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला हात लावायचा तर पुन्हा विधिमंडळापुढेच यावे लागते.

माझी काळजी कायद्याच्या पुढच्या पायरीविषयी आहे. अधिनियम विद्यापीठाला जन्म देतो, पण ते रोज चालते परिनियम, अध्यादेश आणि विनियम या विद्यापीठाच्या अंतर्गत नियमांवर (येथला अध्यादेश म्हणजे सरकारचा वटहुकूम नव्हे). नेमणुका कशा व्हायच्या, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर कोण बसायचे, एखाद्या निर्णयाविरुद्ध दाद कोठे मागायची, हे सारे तेथे ठरते. परिनियम रखडले की विद्यापीठ शासनाच्या पत्रांवर आणि तात्पुरत्या समित्यांवर चालू लागते. तात्पुरते म्हणून आलेले असे काही आपल्याकडे सहसा लवकर जात नाही.

विद्यापीठाच्या सभागृहात कोणी बसावे, हा वाद या राज्याला नवा नाही. १८५७ च्या कायद्याने मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे फेलो, म्हणजे सभागृहाचे सदस्य, सरकार नेमत असे आणि ते तहहयात असत. लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ चा विद्यापीठ कायदा आला. त्याने फेलोंची मुदत पाच वर्षांवर आणली हे ठीकच झाले. पण मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील जास्तीत जास्त शंभर फेलोंपैकी फक्त वीस निवडणुकीने यावेत, असेही ठरवले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात या विधेयकाला कसून विरोध केला. फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षे शिकवलेल्या त्या प्राध्यापकाला दिसत होते की बहुतेक सभासद सरकारचे झाले, तर विद्यापीठ सरकारी खात्याची एक शाखा होऊन बसेल. गोखल्यांचे ते म्हणणे मला आजही, आपल्याच सरकारच्या काळातही, तितकेच खरे वाटते.

स्वातंत्र्यानंतर आपण बरेच पुढे आलो, हे मान्य केले पाहिजे. १ मार्च २०१७ पासून अमलात असलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या सभागृहात, महाविद्यालयीन अध्यापकांमधून दहा, प्राचार्यांमधून दहा, संस्थाचालकांमधून सहा आणि नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून येतात. परंतु कायद्यात लिहिलेले वेळेवर घडतेच असे नाही. मुंबई विद्यापीठात पदवीधरांच्या या दहा जागांसाठी १० सप्टेंबर २०२३ ही मतदानाची तारीख ठरली होती. ऑगस्टमध्ये ती निवडणूक स्थगित झाली आणि अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये, तीही उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, पार पडली. याच कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांची तरतूद केली, त्या तर वर्षानुवर्षे झाल्याच नाहीत.

मंडळे नसली की काय होते, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात मी मराठी शिकवत असताना एका वर्षी अभ्यास मंडळाचे गठनच वेळेत झाले नाही. नवा अभ्यासक्रम लागू झाल्याचे पत्र आले, पण त्यातील एका प्रश्नपत्रिकेसाठी नेमलेले पुस्तक बाजारात मिळत नव्हते. ही चूक पहिल्याच बैठकीत कोणीही शिक्षक दाखवू शकला असता. पण बैठक घ्यायला मंडळच नव्हते. त्या सत्रात आम्ही झेरॉक्सवर शिकवले. ज्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना झेरॉक्सचे पैसेही जड जात होते, त्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाहीत.

नव्या विद्यापीठाची पहिली मंडळे नामनिर्देशनाने भरावी लागतात, हे समजण्यासारखे आहे. निवडून द्यायला मतदारच तयार झालेले नसतात. म्हणूनच या पहिल्या मंडळांची मुदत परिनियमात तारखेनिशी लिहिलेली असावी, आणि ती संपल्यावर आपोआप मुदतवाढ मिळण्याची वाट ठेवू नये.

रिद्धपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट इतर विद्यापीठांहून वेगळी आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. महानुभावांच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या. त्या सराईतपणे वाचणारी, पाठभेद मुखोद्गत असणारी माणसे आजही मठांमधून आहेत; पंथाचा विस्तार पंजाबपर्यंत असल्याने तीही दूरवर विखुरलेली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांकडे नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचे प्रमाणपत्र नसणार. त्यांना समारंभात शाल-श्रीफळ द्यायचे आणि शिकवण्याचे काम मात्र पदवीच्या कागदावर ठरवायचे, असे होऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’, म्हणजे पदवीऐवजी प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर अध्यापक नेमण्याची, वाट मोकळी केली आहे. तिचा उपयोग करून हस्तलिखितांचे जाणकार, तसेच वऱ्हाडी, झाडीबोली, अहिराणी यांत जन्मभर काम केलेली माणसे अध्यापनात आणि अभ्यास मंडळावर मतदानाच्या हक्कासह यावीत, अशी सोय परिनियमातच असली पाहिजे. अर्थात, ही माणसे नियमित प्राध्यापकांच्या ऐवजी नकोत, जोडीला हवीत. मंजूर, कायम पदे भरल्याशिवाय कोणतेही विद्यापीठ उभे राहत नाही. तासिका तत्त्वावरचा शिक्षक पुढच्या वर्षी आपण असू की नाही या चिंतेत असतो, त्याच्याकडून दहा वर्षांचा कोशप्रकल्प कसा व्हावा?

पैशाचेही तसेच आहे. हंपीच्या कन्नड विद्यापीठावर निधीअभावी ओढवलेल्या अडचणींच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपण वाचल्या. भाषेच्या विद्यापीठाला अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन शाखेसारखे शुल्क मिळत नाही, मिळूही नये. त्यामुळे दरवर्षी विनंती करून अनुदान मागण्याऐवजी किमान पाच वर्षांची तरतूद आधीच ठरवून द्यावी.

उच्च व तंत्रशिक्षण विभागाला माझी विनंती आहे की, या विद्यापीठाच्या परिनियमांचा मसुदा हरकती व सूचनांसाठी मराठीत प्रसिद्ध करावा, त्यासाठी किमान दोन महिन्यांची मुदत द्यावी, आणि त्याची एक प्रत रिद्धपूरच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर व तेथील मठांमध्येही पोहोचवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी प्राध्यापक,
अमरावती जिल्हा