तुझ्या तक्त्यातली सतरावी ओळ

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं, सोबतचा तुझ्या नाणेसंग्रहाचा तक्ताही. नाणं, खरेदी, आजचा भाव, नफा. शाळेत असा एक तक्ता आखला असतास तर गुरुजी धन्य झाले असते! पण कुठल्या नाण्यावर काय आहे, याची एक ओळ नाही त्यात.

'आता तरी याकडे गुंतवणूक म्हणून बघ' म्हणतोस. बघितलं. तुझंच उदाहरण घेतो, १९३३ चं अमेरिकेचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं. त्यातलं खासगी मालकीत कायदेशीरपणे ठेवता येतं असं एकच. २००२ मध्ये बूट-डिझायनर स्टुअर्ट वाइट्झमन यांनी ते सुमारे ७६ लाख डॉलरला घेतलं आणि २०२१ मध्ये ते १ कोटी ८९ लाखांना गेलं. ऐकून डोळे फिरतात खरे. पण १९ वर्षांचं चक्रवाढ मांडून बघ, वर्षाला जेमतेम पाच टक्के पडतात. त्यातून लिलाववाल्यांचं कमिशन वजा कर. एवढ्या गाजलेल्या नाण्याची ही कथा, मग आपल्या गुळगुळीत नाण्यांनी कुठे जावं?

आणि नाण्याची अवस्था तपासून, गुण देऊन ते बंद करतात त्या सीलबंद डब्या! ७० पैकी ६३ गुण मिळाले म्हणून किती मिरवतोस. ही मोजपट्टी मुळात भावाचीच. नाणेसंग्राहक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या आकाराच्या सेंट नाण्यांसाठी ती काढली. ७० गुणांचं नाणं एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचं, असा साधा हिशेब. बाजारात तो हिशेब टिकला नाही, आकडे तेवढे चिकटून राहिले.

आता एक कबुली देतो, चारचौघांत सांगू नकोस. छंद नवा होता तेव्हा माझं एक चांदीचं नाणं काळं पडलं, म्हणून मी दंतमंजनाने घासून लख्ख केलं. कोण आनंद झाला होता! एका विक्रेत्याने भिंग लावलं आणि 'घासलंय, किंमत गेली' म्हणत परत सरकवलं. भयंकर राग आला. घरी येऊन ते एका न घासलेल्या नाण्याशेजारी दिव्याखाली तिरकं धरलं. त्या दुसऱ्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गरागरा फिरत होता, माझ्या नाण्यावर नुसती मेलेली चमक. साच्याच्या दाबाखाली धातू पसरतो तेव्हा उमटलेल्या बारीक रेषांवर तो उजेड खेळतो. त्या मी खरवडून टाकल्या होत्या, आणि त्या परत येत नाहीत. म्हणजे बघायला मला शिकवलं ते भाव करणाऱ्या माणसानेच. तेवढं श्रेय तुझ्या बाजूला देऊन टाकतो.

पण त्याच्यापुढे मी तुझ्याबरोबर येणार नाही. माझ्या अल्बमला मी बचत समजत नाही. गेलेले पैसे गेले.

तुझ्या सतराव्या ओळीत 'कड खराब, नफा शून्य' लिहिलंयस. अरे, ते कातरलेलं नाणं! कुणीतरी त्याच्या कडेची चांदीची कातळी काढून घेतली आणि उरलेलं पूर्ण किमतीला खपवलं. असल्याच लबाड्या पकडण्यासाठी पुढे नाण्यांच्या कडेला खाचा आल्या. राजाचा गाल सपाट झालाय, कारण उंचवटा आधी झिजतो. तेवढं एक डबीत घालू नकोस. पुढच्या भेटीत घेऊन ये, मला त्या कडेवरून बोट फिरवायचंय.

तुझाच,
अवि