दाराशी ठेवलेली पिशवी

किसुमू, केनिया
१८ ऑगस्ट २०२२

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न.

सोमवारी रात्री तुमचा फोन आला तेव्हा मी खोटं बोलले. मागं कसला आवाज येतोय असं आईनं विचारलं आणि मी टीव्ही म्हणाले. टीव्ही बंद होता. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा निकाल लागून थोडाच वेळ झाला होता, रस्त्यावर टायर जळत होते, पोलीस अश्रुधूर सोडत होते आणि आम्ही तिघं आतल्या खोलीत दिवा मालवून बसलो होतो. तुम्हाला झोप लागावी म्हणून लपवलं, पण तेव्हापासून ते मलाच खातंय. म्हणून सगळं लिहून फोटो पाठवते. दादा वाचून दाखवेल. दादा, काही गाळू नकोस.

मतदान ९ तारखेला झालं. राष्ट्राध्यक्षापासून वॉर्डाच्या सदस्यापर्यंत एकाच दिवशी सहा मतं द्यायची, तीही कागदावर. मग सहा दिवस नुसती वाट बघणं. सेहेचाळीस हजारांवर केंद्रांचे निकालाचे कागद निवडणूक आयोगानं इंटरनेटवर टाकले. तुमचे जावई पाळीवरून आले की सांगायचे, साखर कारखान्यातली पोरं मोबाइलवर बेरजा करताना दिसतात. दर तासाला कुणी वेगळाच पुढं. शेवटी विल्यम रुटो ७१ लाख ७६ हजार, रायला ओडिंगा ६९ लाख ४२ हजार. सातपैकी चार आयुक्तांनी हा निकाल मान्य नाही असं त्याच दिवशी सांगितलं. किसुमू तर ओडिंगांचं घरच.

बाबा, तुम्ही २००७ चं विचारत होतात. खरं आहे ते. त्या निवडणुकीनंतर हजारावर माणसं मेली, याच गावात आपल्या गुजराती लोकांची दुकानं लुटली, जाळली. जुने दुकानदार अजून सांगतात. म्हणूनच मतदानाआधी आम्ही पंधरा दिवसांचं पीठ, डाळ, तेल, गॅस भरून ठेवलं आणि दाराशी एक पिशवी ठेवली.

आई, ती भरताना तुझीच आठवण येत होती. किल्लारीच्या भूकंपानंतर तू कितीतरी दिवस माळवदाखाली झोपली नाहीस. पत्र्याच्या शेडमध्ये उशाशी पिशवी असायची, तीत सातबारा, रेशनकार्ड, बॅटरी आणि गूळ-शेंगदाणे. आम्ही गुळाला हात लावला की तू रागवायचीस. माझ्या पिशवीत तिघांचे पासपोर्ट, पोरीच्या तापाचं औषध, थोडे डॉलर आणि शेंगदाण्याचे लाडू. तिनं काल त्यातला एक काढला आणि मी तुझ्यासारखीच रागावले.

मंगळवारी सकाळी आमच्याकडं काम करणाऱ्या ममा आल्या. गाड्या बंद, तर दीड तास चालत. येऊ नका म्हणून मी आधीच फोन केला होता. तरी आल्या, आणि काही न बोलता पायरीवर बसल्या. बोटाची शाई अजून गेली नव्हती. म्हणाल्या, माझ्या वडिलांनीही ओडिंगांनाच मत दिलं, मीही दिलं, पाचव्यांदा हरले. मी चहा केला. चहा झाल्यावर त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, तू एकटी घाबरली असशील म्हणून आले.

तुम्ही म्हणता निघून या. दोनदा मीही तेच म्हणाले यांना. पण आता रस्ते मोकळे आहेत, परवाच ओडिंगांनी लोकांना शांत राहायला सांगितलं, भांडण आता कोर्टात जाईल. दावा लागला की चौदा दिवसांत निकाल द्यावाच लागतो. उसाच्या गाड्याही कालपासून येऊ लागल्यात. आपल्याकडं गळीत हंगाम संपला की निवांत असतं, तसं इथं नाही, कारखान्यातला पॅन, म्हणजे साखर शिजवायचं भांडं, जवळजवळ वर्षभर चालतो. हे एकटे राहतील आणि मी पोरीला घेऊन येईन, हे मला जमणार नाही. पिशवी मात्र कोर्टाचा निकाल लागेपर्यंत दाराशीच राहील. पुन्हा काही झालं तर पहिला फोन तुम्हाला करीन, आणि खरंच सांगीन.

आता तुमचं. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन पोळ्यानंतर बघू असं मला सांगितलंत. दादाकडून कळलं की तारीख मिळाली होती आणि तुम्हीच पुढं ढकलली. बैल सजवायला दादा आहे. आई, रक्तातली साखर किती आली ते आकड्यात कळव, "बरी आहे" नको.

तुमची लेक