फ्रिजवरचं वेळापत्रक काढून टाक

पंचवटी, नाशिक

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मुलांना घरी शिकवण्याचा विषय निघाला की आधी तुझा आवाज चढतो, मग माझा, आणि शेवटी ‘ठेवते आता, कुकर लावलाय’वर सगळं संपतं. म्हणून लिहून पाठवते. चिऊच्या पिशवीत ठेवतेय. तिने वाटेत उघडून वाचलं तर वाचू दे, तेवढंच वाचन होईल.

मुलांना घरी शिकवायचं की शाळेत घालायचं, हा वाद मी पुन्हा उकरणार नाही. माझी नोकरी निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, त्यामुळे शाळेविरुद्ध माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. पण व्हॅनचा हॉर्न वाजला की पोर ओकायची, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही दोघांनी ठरवलंत, ठीक आहे. माझं म्हणणं फक्त त्या फ्रिजवर चिकटवलेल्या वेळापत्रकाबद्दल आहे.

नऊ ते नऊ पस्तीस मराठी, मग गणित, मग इंग्रजी, मग परिसर, प्रत्येकाला वेगळा स्केचपेन. दिसायला छान आहे. पण पहिली तासिका संपायच्या आत दूधवाला येतो, धाकटा टेबलाखाली शिरतो आणि तू रडकुंडीला येतेस. अगं, तासिका ही शाळेची गरज आहे. एका वर्गात पस्तीस-चाळीस पोरं, त्यांची हजेरी, वह्या, एकाचं टोक मोडलेलं, दुसऱ्याला शू लागलेली, मध्येच पोषण आहाराचा हिशेब. त्यातून एकेका मुलाच्या वाट्याला बाई किती मिनिटं येतात, ते मला विचार. तुझ्यासमोर सात वर्षांची एकच मुलगी बसलीय. दिवसभरात मिळून दीड तास बैठं काम झालं तरी पुष्कळ झालं. धाकट्याला तर तेवढंही नको.

आता तुमच्या घराचं बघू. जावईबापूंची अंबडच्या कंपनीतली शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्ट असली की ते उजाडताच बाहेर. सेकंड असली की रात्री बारापर्यंत ताट झाकून ठेवायचं. आणि थर्ड असली की दिवसभर ‘हळू बोला, बाबा झोपलेत’. अशा घरात बाराही महिने नऊ वाजता मराठी कसं चालेल? शिफ्ट बदलली की मुलांचाही दिवस बदलू दे. सेकंडच्या आठवड्यात सकाळ बाबांची. गणित तेव्हा त्यांच्याकडेच दे. ज्या माणसाचा दिवस मापं घेण्यात जातो, त्याने मुलीला मोजपट्टी धरायला शिकवली तर ती जन्मात विसरायची नाही. फर्स्टच्या आठवड्यात सकाळी घर शांत असतं, तेव्हा लेखन-वाचन उरकून घे. थर्डच्या आठवड्यात मुलांना गप्प बसवण्यात जीव आटवू नकोस, डबा भरून सरळ बाहेर पड.

पांडवलेणी तुमच्यापासून लांब का आहे? पाथर्डी फाटा ओलांडला की पायथा. चोवीस लेणी आहेत, सगळी एका दिवसात दाखवायचा हट्ट नको. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वर जुन्या ब्राह्मी लिपीतला लेख कोरलाय. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, मुलाच्या पराक्रमाचं वर्णन त्यात कोरवून घेतलंय. हे चिऊला सांग आणि त्या अक्षरांतली दोन-तीन वहीत काढायला लाव. सनावळ्या पुढे येतील.

एवढं सगळं फिरतं असलं तरी दोन-तीन खुंट्या मात्र पक्क्या ठोक, दिवस त्यांनाच टांगायचा. सकाळी नळाला पाणी येतं ती एक वेळ. पाणी भरणं, अंथरुणं आवरणं, पोह्यांना कांदा निवडणं यात मुलं हवीतच, ते उरकल्यावर पुस्तक उघडायचं. दुपारी जेवण झालं की तू गोष्ट वाचायची, दोघांनी ऐकायची. आणि पाचला खाली. कॉलनीतली पोरं शाळेतून येऊन तेव्हाच खेळायला उतरतात. अभ्यास राहिला म्हणून ती वेळ एकदाही कापू नकोस, त्यांना सवंगडी तिथेच मिळणार आहेत.

दोघांना वेगवेगळं शिकवायचा जो घोळ तू घातलायस, त्याला आमच्याकडे फार जुना उपाय आहे. शाळा द्विशिक्षकी, वर्ग चार, म्हणजे पहिली-दुसरी कायम माझ्यासमोर एकत्र. गोष्ट सगळ्यांना एकच सांगायची. मग लहानांनी पाटीवर चित्र काढायचं, मोठ्यांनी त्याच गोष्टीवर पाच वाक्यं लिहायची. मोठी लिहीत असताना मी लहानांपाशी बसायची. नंतर मोठ्यांनी आपलं लिहिलेलं लहानांना वाचून दाखवायचं. घडाघडा वाचायला लागायची पोरं, कारण ऐकणारा समोर असायचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, तोही खेळातून शिकायचा. तुझी दोन्ही त्यातच बसतात.

चिऊची वजाबाकी अडलीय ती ५२ वजा २७ वर. तुझी वही पाहिली, पानभर तीच गणितं. ती बाजूला ठेव. खराट्याच्या काड्या कापून दहा-दहाचे गठ्ठे बांध, रबर लावून. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेव आणि म्हण, यातल्या सात सुट्या मला दे. ती आधी दोन देईल, मग तुझ्याकडे बघेल. तू गप्प बसायचं. थोड्या वेळाने ती स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढेल. तेव्हाच तिला सांग, हाच हातचा. मग कागदावर ये. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, तेवढी पुरे. तो महागडा किट परत करता येत असेल तर करून टाक.

तुझं काम हे दुसरं खडतर प्रकरण. जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या ११ आणि २० तारखेच्या आधी तुला मान वर करायला फुरसत नसते. त्या दिवसांत शिकवायचंच नाही, असं आत्ताच ठरवून टाक. मुलं माझ्याकडे येतील. विहीणबाई म्हणतील, अभ्यास बुडतो. म्हणू देत. पावसाळ्यात मी त्यांना पुलावरून गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती दाखवेन. गुडघ्यापर्यंत पाणी आलं, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, नाशिककर पूर असाच मोजत आलेत. चिऊने रोज वहीत मारुती काढायचा आणि पाणी तिथवर निळं रंगवायचं. शेजारी पेपरातला गंगापूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये लिहायचा. आठवड्याने पानं उलटून बघितली की धरण आणि नदीचं नातं तिचं तिला कळेल. पाण्याजवळ मात्र नेणार नाही, ती काळजी सोड. सार्वजनिक वाचनालयही इथून जवळ आहे. १८४० पासूनची संस्था, ‘सावाना’त बसून पुस्तक निवडायची सवय लागली तर उत्तमच.

कायद्याचं तू विचारलं होतंस. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण त्यासाठी पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याचे वेगळे नियमही त्यात नाहीत. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कुणी शिक्षिका दारात आली तर तिच्यावर डाफरू नकोस. आम्हीही उन्हातान्हात ही दारं झिजवलीत. पाणी दे, वह्या दाखव, खरं ते सांग. उद्या मुलांना पुन्हा शाळेत जावंसं वाटलं तर त्याच कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. पुढे दहावीसाठी मुक्त विद्यालय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे त्याची घाई आज नको. जन्मदाखला आणि आधी जिथे होती तिथला शाळा सोडल्याचा दाखला तेवढा जपून ठेव.

एक गोष्ट मला अजून पटत नाही, ती सांगून टाकते. मुलांचं इंग्रजी मागे पडेल म्हणून घरातही त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचं, हे थांबव. तू स्वतः मराठी माध्यमातून शिकून जीएसटीचे इंग्रजी कागद उलगडतेस ना?

या महिन्यात २० तारखेच्या आधीच्या शनिवारी दोघांना पाठव. धाकट्याचा रेनकोट विसरू नकोस. आणि चिऊच्या सँडलचा पट्टा तुटलाय तो तसाच येऊ दे, भद्रकालीत शिवून घेईन.

जावईबापूंना नमस्कार.

तुझी,
आई