बाबा, आता तुम्ही काचेच्या आत आहात

पुणे,
कोजागरीनंतरचा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस शि. सा. नमस्कार,

दादानं पाठवलेला फोटो मिळाला. अंगणात उभी पांढरी कार, बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि बाजूला तुमची जुनी मोटारसायकल. फार बरं वाटलं. आयुष्यभर तुम्ही त्या मोटारसायकलवरून बेळगावच्या उद्यमबागेत ड्युटीला गेलात. जुलैतला आपल्याकडचा पाऊस, त्यात ट्रकनं उडवलेला चिखल, आणि संध्याकाळी घरी आल्यावर दारातच रेनकोट झटकणारे तुम्ही, हे सगळं मी लहानपणापासून बघितलंय. आता तुम्ही दोघं कोरड्या अंगानं बेळगावला जाल-याल, याचं मला खरंच समाधान आहे.

पण एक गोष्ट मनातून जात नाही, आणि ती फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून पत्र.

गेल्या महिन्यात इथं माझ्या स्कूटरसमोर एक कार अचानक उजवीकडे वळली. आई, घाबरू नकोस. ब्रेक लागला, मी पडले नाही, खरचटलंसुद्धा नाही. कार चालवणारे काका तुमच्याच वयाचे होते, बाबा. उतरून आले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. ‘पोरी, मी बघितलं होतं गं, रस्ता मोकळा होता,’ एवढंच परत परत म्हणत होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी बघितलं होतं आणि तरी मी त्यांना दिसले नव्हते. त्या दिवसापासून मला तुम्हीच दिसताय, आपल्या फाट्यावर उजवीकडे वळायला थांबलेले.

म्हणून मी याबद्दल बरंच वाचलं. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकानं लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ साली तो अहवाल आला. मोटारसायकल आणि दुसरं वाहन यांच्या धडकांपैकी दोन तृतीयांश वेळा दुसऱ्या वाहनवाल्यानं मोटारसायकलचा हक्काचा रस्ता अडवला होता. तिथं रहदारी उजव्या बाजूनं चालते, त्यामुळं समोरून येणाऱ्याला आडवं जायचं वळण त्यांच्याकडे डावं असतं. आपल्याकडे तेच उजवं. म्हणजे बरोब्बर आपला फाटा.

कारण काय, ते सांगते. पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना छताला धरणारे खांब असतात ना, ते हल्लीच्या गाड्यांत मजबुतीसाठी जाड केलेत. तुमच्या बाजूचा खांब तर डोळ्यांच्या अगदी जवळ. त्याच्या आड अख्खी मोटारसायकल माणसासकट मावते. ट्रक मावत नाही, त्याचं कुठलंतरी टोक बाहेर दिसतंच. त्यातून वाईट असं, की तुम्ही हळूहळू पुढं सरकत असता आणि ती बाईकही पुढं येत असते, तेव्हा दोघांचा वेग जुळला तर ती खांबामागून बाहेरच निघत नाही. शेवटच्या क्षणी एकदम समोर उभी.

दुसरं कारण आपल्या डोळ्यांत आहे. मान झटकन फिरवून डावं-उजवं बघतो तेव्हा नजर उड्या मारत जाते, आणि त्या उडीच्या वेळेत मेंदू काहीच टिपत नाही. ज्या दोन जागी नजर थांबली, त्यांच्या मधलं तो आपल्या अंदाजानं भरून काढतो. मोठी बस त्यातून सुटत नाही, दूधवाल्याची बाईक सुटू शकते. शिवाय लहान वस्तू आपल्याला लांब आणि संथ वाटते. साठच्या वेगानं येणारी बाईक एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर अंतर कापते, आणि तुम्हाला वाटतं अजून वेळ आहे.

तेव्हा बाबा, फाट्यावर हे करा. पूर्ण थांबा. समोर खानापूरच्या बाजूला बघा, नजर तिथं क्षणभर ठरू द्या. मग छातीपासून थोडं पुढं वाका, परत मागं या, म्हणजे खांबामागचं उघडं होईल. मग पुन्हा एकदा बघा. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे, वाजवू दे त्याला. आणि उजवीकडे मागूनही कुणी येतंय का ते बघाच. रस्ता रुंद झाल्यापासून लांबचा वळसा वाचवायला आपलीच माणसं राँग साईडनं येतात. ते चुकतात हे मला कळतं, पण चूक त्यांची असली तरी मोडणारं हाड हाडच असतं.

याचा सराव अंगणातच करता येईल. तुम्ही स्टेअरिंगवर बसा आणि दादाला बाईक घेऊन समोर कडेकडेनं फिरवायला सांगा. तो कुठं नाहीसा होतो ते तुमचं तुम्हाला समजेल. मग जागा बदला, दादालाही बसवा. बाईक चालवणाऱ्यानं एकदा तरी ड्रायव्हरच्या सीटवरून बाहेर बघावं असं माझं ठाम मत आहे.

आई, आता तुझ्यासाठी. गणपत गल्लीत, खडे बाजारात कार कडेला थांबली की तू लगेच दार उघडशील, मला माहीत आहे. तुझ्या बाजूनं, दुकानांच्या आणि कारच्या मधल्या फटीतून, पोरं बाईक काढतात. दार डाव्या हातानं उघडू नकोस, उजव्या हातानं उघड. उजवा हात तिथवर न्यायचा तर अंग आपोआप वळतं आणि मान मागं जाते, मागचा येणारा दिसतो. बाबांनी त्यांच्या बाजूचं दार डाव्या हातानं उघडायचं. आधी बोटभर, मग पूर्ण.

आणि दादाच्या मागं बसून देवळात जाशील तेव्हा हेल्मेट घाल गं. अंबाडा मोडतो, गरम होतं, सगळं कबूल. पण मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच, हा नियम कर्नाटकात २०१६ पासून आहे. हेल्मेटमुळं मरण्याचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आहेत. पट्टा हनुवटीखाली लाव, नाहीतर पडताना हेल्मेट आधी उडून जातं.

रात्रीचं मला जास्त भय वाटतं. दिवाळी झाली की उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागं दिवा नाही, चमकपट्टी चिखलानं झाकलेली. ट्रॉलीला ओलांडायला तुम्ही बाहेर काढाल तेव्हा समोरून एक दिवा येत असेल तर ती बाईक की एक दिवा गेलेला टेम्पो, हे कळत नाही. कळेपर्यंत मागंच राहा. आणि समोर बाईक दिसली की अप्पर लगेच डिपर करा. कारचा झोत थेट डोळ्यांवर आला की बाईकवाल्याला काही सेकंद रस्ता दिसत नाही, खड्डाही दिसत नाही. हे तर तुम्ही स्वतः सोसलंय, बाबा. रात्रपाळीहून आल्यावर डोळे चोळत तुम्ही जे बोलायचात ते मला अजून आठवतं.

जाता जाता डोळे तपासून घ्या. समोरच्या दिव्याभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. तोवर अंधारात कार काढू नका, एवढं माझं ऐकाच.

दादाला वेगळं लिहिणार आहे, पण तुम्हीही सांगा. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला झालेल्या अभ्यासात, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, चमकपट्टीचे किंवा भडक रंगाचे कपडे घालणाऱ्या बाईकवाल्यांचा जखमी होण्याचा धोका ३७ टक्के कमी आढळला, आणि काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांचा २४ टक्के कमी. दादाचं सगळंच काळं. जॅकेट काळं, हेल्मेट काळं, बाईकपण काळी. सेकंड शिफ्ट सुटून तो मच्छे, पिरनवाडीच्या अंधारातून येतो, त्याला कुणी बघायचं कसं? पण सगळा भार बाईकवाल्यावर टाकणं मला पटत नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची. ज्याच्याभोवती पत्रा आहे त्यानंच जास्त बघायला हवं.

रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर थांबा. १०८ ला फोन करा, हेल्मेट ओढून काढू नका. पोलिसांच्या लफड्याची भीती नको, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, तसा नियमच २०२० पासून आहे.

गावात तुमचा शब्द मोडत नाहीत, म्हणून एक काम सांगते. गल्लीत आता बऱ्याच जणांकडे कार आल्यात आणि सगळे कालपर्यंत बाईकवालेच होते. डेअरीवर सकाळी सगळे भेटतात, तिथं हा खांबाचा विषय काढा. ट्रॅक्टरवाल्यांनाही हंगाम सुरू व्हायच्या आत ट्रॉल्या धुऊन ठेवायला सांगा. दिवाळीला येताना मी लाल चमकपट्टीचे रोल घेऊन येते. गल्लीत एकूण किती ट्रॉल्या आहेत ते मोजून दादाकरवी कळवा, म्हणजे कमी पडायला नकोत.

तुमची लेक