‘ही वही सपाट उघडते का?’ असे विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपले आभार मी फोनवर अनेकदा मानले आहेत. तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण आपण मला जे शिकवले ते घरी एकटीने हस्तकलेचा व्यवसाय करणाऱ्या आणखी कोणाच्या उपयोगी पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपले नाव कुठे येऊ नये ही आपली अट मी पाळली आहे.

आपला पहिला संदेश मला शब्दशः आठवतो. हाताने शिवलेल्या वह्यांसाठी मी इन्स्टाग्रामवर उघडलेल्या खात्याला तेव्हा दीड वर्ष झाले होते. त्यावर शंभराहून अधिक छायाचित्रे होती, आणि प्रत्येकाखाली ‘ऑर्डरसाठी मेसेज करा’ एवढेच वाक्य आणि हॅशटॅगची लांबलचक रांग होती. आपण विचारलेत, ‘ही वही सपाट उघडते का?’ मी जी शिलाई करते तिला कॉप्टिक शिलाई म्हणतात. तिच्यात घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, म्हणजे जुज, साखळीसारख्या टाक्यांनी एकमेकांत गुंफले जातात आणि कणा उघडाच ठेवला जातो, त्यामुळे अशी वही कोणत्याही पानावर टेबलावर पूर्ण पसरते. माझ्या वहीचा सर्वांत मोठा गुण हाच, आणि त्या शंभर छायाचित्रांपैकी एकातही वही उघडलेली नव्हती. प्रत्येक ठिकाणी मी फक्त मुखपृष्ठ दाखवले होते.

त्यानंतर आपण मला जे सांगितलेत, त्यावर माझे आजचे सगळे काम उभे आहे. समोर ठेवलेली वस्तू माणूस हातात घेतो, उलटीसुलटी करतो, तिचे वजन अजमावतो, पानांवरून बोट फिरवतो. पडद्यावर यातले काहीच करता येत नाही, म्हणून त्याच्या हातांनी जे केले असते ते आपल्या छायाचित्राने आणि आपल्या शब्दांनी करून दाखवले पाहिजे, असे आपण म्हणालात. तेव्हापासून मी प्रत्येक वहीची छायाचित्रे त्याच क्रमाने घेते: आधी बंद वही हातात धरलेली, म्हणजे आकार कळतो; मग कण्यावरचे टाके जवळून; मग मधोमध उघडलेली वही, आणि शेवटी शाईने लिहिलेल्या पानाची मागची बाजू, कारण शाई पलीकडे उमटते का, हा प्रश्न लिहिणारा माणूस विचारतोच.

प्रकाशाविषयीही आपण मला असेच मुळापासून समजावलेत. मी रात्री काम आटोपल्यावर दिव्याखाली छायाचित्रे घेत असे, आणि हिरवट कापडाची एक वही निळी समजून घेतलेल्या ग्राहकाने ती परत पाठवली होती. मला तो ग्राहकाचा हट्ट वाटला होता. चूक माझी होती, हे आपण अत्यंत सौम्यपणे दाखवून दिलेत. वही खिडकीच्या बाजूला पण थेट उन्हाबाहेर ठेवायची, खोलीतले दिवे बंद करायचे म्हणजे दोन रंगांचे प्रकाश एकमेकांत मिसळत नाहीत, आणि खिडकीच्या समोरच्या अंगाला पांढरा पुठ्ठा उभा करायचा म्हणजे सावलीतली बाजू उजळते. एका पुठ्ठ्याने जे साधले ते कोणत्याही फिल्टरने साधले नसते, आणि हस्तकलेच्या वस्तूवर रंग बदलणारा फिल्टर लावणे ही ग्राहकाची फसवणूकच आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

रील करण्याची मला भीती वाटत होती, कारण कॅमेऱ्यासमोर बोलणे माझ्या स्वभावात नाही. बोलण्याची गरजच नाही, फक्त हात दिसू द्या, असे आपण सुचवलेत. टोच्याने भोके पाडणे, दोऱ्यावर मेण फिरवणे, सुई कण्याच्या टाक्याखालून काढून ओढणे, एवढेच वीस सेकंदांत दाखवायचे. सुरुवात प्रस्तावनेने न करता थेट सुईपासून करायची. आणि आवाज बंद ठेवून पाहणारे पुष्कळ असल्यामुळे दोन ओळी पडद्यावरच लिहायच्या. इन्स्टाग्रामने २०१६ पासून पोस्ट केवळ वेळेच्या क्रमाने न दाखवता पाहणाऱ्याची आवड ओळखून दाखवायला सुरुवात केली, त्यामुळे रोज काहीतरी टाकलेच पाहिजे या धास्तीपेक्षा लोक थांबून पाहतील आणि ओळखीच्यांना पाठवतील असे आठवड्यातून दोनदा टाकणे बरे, हेही आपण पटवून दिलेत. त्या एका वाक्याने माझ्या कितीतरी रात्री मोकळ्या झाल्या.

मजकुराचे बोलायचे तर, ‘सुंदर’, ‘खास’, ‘प्रेमाने बनवलेली’ हे शब्द आपण माझ्याकडून काढून घेतलेत आणि त्यांच्या जागी मापे लिहायला लावलीत: ए-५ आकार, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर, पानांची संख्या, कागदाची जाडी, शिलाईला लागणारे दिवस. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरच्या कॅटलॉगमध्ये तीच माहिती एकदा नीट भरल्यावर रोज तेच तेच उत्तर लिहिण्याचे माझे श्रम संपले.

ताई, ज्या रात्री माझे एक रील अचानक दूरवर पोहोचले त्या रात्रीची आठवण सांगितल्यावाचून मला राहवत नाही. सकाळपर्यंत साठ-सत्तर जणांनी वह्या मागितल्या होत्या, आणि मी आनंदाच्या भरात सगळ्यांना होकार कळवायला निघाले होते. आपण फोनवर एवढेच विचारलेत, ‘दिवसाला किती वह्या शिवता?’ मी म्हणाले, तीन. आपण लगेच मला नव्या मागण्या थांबवायला लावल्यात, पुढची नोंदणी कोणत्या तारखेला उघडेल ते खात्याच्या सर्वांत वरच्या पोस्टमध्ये लिहायला सांगितलेत, आणि प्रत्येकाला वही कधी मिळेल ते खरेखरे कळवायला सांगितलेत. काही जण निघून गेले. जे थांबले त्यांच्यापैकी कित्येकांनी पुढे दुसरी, तिसरी वही घेतली. तेव्हा होकार देऊन बसले असते तर घाईघाईत ढिले टाके घातले असते, आणि ढिल्या टाक्यांची वही महिनाभरातच सुटते.

दोन संकटांतूनही आपण मला वाचवलेत. फॉलोअर विकत घेण्याचा विचार माझ्या मनात आला होता. जे कधी वही घेणार नाहीत आणि पोस्टही पाहणार नाहीत अशा खोट्या खात्यांमुळे खरा प्रतिसाद किती हे मलाच कळेनासे होईल, असे आपण समजावलेत. पुढे खाते बंद होणार असल्याची भीती घालून एका दुव्यावर पासवर्ड भरायला सांगणारा संदेश आला, तेव्हा आपण वेळेवर अडवलेत आणि त्याच दिवशी दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक कोडही मागणारी सोय, सुरू करून घेतलीत. खाते उद्या हातचे गेले तरी माणसे हातची जाऊ नयेत, म्हणून ग्राहकांच्या संमतीने त्यांचे पत्ते मी आता एका वहीत लिहून ठेवते. ती वही अर्थातच मी शिवलेली आहे.

या सगळ्यासाठी आपण माझ्याकडून काहीही घेतले नाहीत. आपल्यासाठी शिवलेली एक वही या पत्रासोबत पाठवत आहे. तिच्या कण्याला आपण पहिल्यांदा विचारलेल्या त्या वहीचाच हिरवट दोरा आहे, आणि ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सपाट उघडते.

आपली ऋणी,
वह्या शिवणारी