कुष्ठरोग शोधायचा तर अंगभर पाहू द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,

सविनय नमस्कार.

कुष्ठरोग शोधमोहिमेत पथक दारात उभे राहते, चेहरा आणि कोपरापर्यंतचे हात पाहते, “अंगावर कुठे चट्टा आहे का?” असे विचारते आणि समोरचा “नाही” म्हणाला की नोंदवहीत ‘तपासले’ असा शेरा पडतो. मी हे काम करणारी आरोग्यसेविका आहे आणि अशा तपासणीला माझा ठाम विरोध आहे. पाठीवरचा किंवा नितंबावरचा चट्टा माणसाला स्वतःला दिसत नाही. तो खाजत नाही, दुखत नाही. मग तो सांगणार तरी काय?

या रोगाच्या जंतूला थंडावा मानवतो. शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा काही अंशांनी थंड असलेल्या भागांत तो वाढतो: कानाच्या पाळ्या, नाक, गाल, कोपरे, गुडघे, नितंब. डोक्याची केसाळ त्वचा, काखा, जांघा या उबदार जागा बहुधा सुटतात. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमात तो अजूनही वाढवता येत नाही. संशोधकांना उंदराच्या पंजाचा आणि कमी तापमानाच्या आर्माडिलो या प्राण्याचा आधार घ्यावा लागला, तेही याच कारणाने. म्हणजे कुठे पाहायचे हे रोगच सांगतो, आणि त्यातल्या निम्म्या जागा आपण कपड्यांखाली सोडून देतो.

चट्टे मोजणे ही केवळ नोंदीची बाब नाही, त्यावर औषधाचा काळ ठरतो. पाचपर्यंत चट्टे असतील आणि जंतू आढळले नसतील तर 6 महिने, त्याहून जास्त असतील तर 12 महिने. हातावर तीन चट्टे दिसले आणि पाठीवरचे चार पाहिलेच नाहीत, तर त्या रुग्णाचे उपचार निम्म्यावर थांबतात.

भित्तिपत्रकांबद्दलही बोलायचे आहे. त्यांवर नेहमी एकच ठळक फिकट चट्टा असतो. सावळ्या कातडीवर तो फिकट किंवा तांबूस दिसतो हे खरे. कोडासारखा पांढराशुभ्र मात्र नसतो. पण ज्यांच्या शरीरात जंतू सर्वाधिक असतात, अशा कित्येकांच्या अंगावर ठसठशीत चट्टा नसतोच. त्वचा सर्वत्र थोडी तुळतुळीत होते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया बाहेरच्या टोकापासून विरळ होत जातात. त्वचेची संवेदना सुरुवातीला शाबूत असल्याने त्यांना “बधिरपणा नाही” म्हणून घरी पाठवले जाते. म्हणून मी आधी कान पाहते. पाळी चिमटीत धरली की जाडी बोटांना कळते.

बधिरपणा पाहण्याची रीत साधी आहे, पण वेळ मागते. रुग्णाने डोळे मिटायचे, आपण कापसाची टोकदार वात किंवा पेनचे टोक हलकेच टेकवायचे आणि स्पर्श झाला तिथे त्याने बोट ठेवायचे. चट्ट्याच्या मधोमध टेकवले तरी हात हलत नाही, तेव्हा निदान समोर असते. चेहऱ्यावर मात्र नसांचे जाळे दाट असल्याने चट्टा असूनही संवेदना टिकून राहू शकते. तिथे केवळ या परीक्षेवर विसंबू नये.

तळहात-तळपायांवर चट्टा क्वचितच दिसतो, नुकसान मात्र तिथेच सर्वात जास्त होते. कोपराजवळची नस बिघडली की करंगळीकडची बाजू बधिर होते आणि बोटे वाकू लागतात. घोट्यामागची नस गेली की तळपायाला ठेच, काटा, चटका काहीच कळत नाही, आणि त्याच जखमा पुढे चिघळतात. औषधांनी जंतू मरतात. जुनी झालेली नसांची हानी सहसा भरून येत नाही. सहा महिन्यांच्या आत लक्षात आली, तर स्टिरॉइडने ती सुधारण्याची आशा असते.

म्हणून माझ्या मागण्या. प्रत्येक पथकात एक स्त्री आणि एक पुरुष असावा. तपासणीसाठी उजेडाची आणि आडोशाची जागा मिळावी. दिवसाला इतकी घरे हे लक्ष्य कमी करावे, कारण त्या आकड्यापायीच तपासणी दारात उरकली जाते. नोंदवहीत कान, पाठ, नितंब, तळहात, तळपाय यांचे वेगळे रकाने असावेत आणि न पाहिलेल्या भागापुढे ‘पाहिला नाही’ असे लिहिण्याची मुभा असावी. तसे लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे लेखी परिपत्रक पुढच्या मोहिमेआधी काढावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक आरोग्यसेविका