खोटा दाखला पकडला जातो, फुटलेलं गुपित नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले बनावट निवाडे वकिलांनी कोर्टात दाखल केल्याच्या बातम्या आता सवयीच्या झाल्या आहेत. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एव्हिएंका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात हे घडलं आणि न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी वकिलांना ५,००० डॉलर दंड ठोठावला. जून २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने अशाच एका प्रकरणात वकिलांना सुनावलं. तिथे ४५ पैकी १८ निवाडे अस्तित्वातच नव्हते. कहर म्हणजे ते खुद्द अशिलाने शोधून दिले होते आणि वकिलाने न तपासता पुढे सरकवले!

हे लाजिरवाणं आहेच. पण कौटुंबिक दावे चालवताना मला याची तेवढी धास्ती वाटत नाही. बनावट निवाड्याचा खोटा दाखला समोरचा वकील शोधायला जातो, त्याला तो सापडत नाही आणि तो बोंब ठोकतो. न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच झालं. अशिलाचं गुपित फुटलं तर बोंब कोण ठोकणार?

घटस्फोटाची एखादी फाइल घ्या. तिच्यात मानसोपचाराचे कागद असतात, बँकेचे उतारे असतात, नवरा-बायकोचे रात्री-अपरात्रीचे मेसेज असतात. उद्या तारीख असते. ज्युनियर सगळा गठ्ठा फोनवरच्या फुकटच्या ॲपमध्ये टाकतो, सुबक सारांश हाती येतो, सीनियर खूश. ज्या बाईचे ते कागद, तिला पत्ताही नसतो. हे मी पाहिलं आहे, आणि करणारी मुलं चांगली मेहनती होती. ‘नावं काढली होती की,’ असं ती सांगतात. पण हुद्दा, लग्नाची तारीख, आजार आणि मुलांची वयं तशीच राहिली, तर ओळख पटायला नाव कशाला लागतं?

‘नंतर डिलीट करतो’ हेही ठरलेलं उत्तर. मे २०२५ मध्ये वृत्तपत्रांच्या कॉपीराइट दाव्यात न्यूयॉर्कच्या कोर्टाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला हुकूम दिला, की एरवी पुसला गेला असता तो चॅटचा मजकूरही जपून ठेवा. तो हुकूम पुढे मागे घेतला गेला, पण तोवर पुसलेलं खरंच पुसलं जाईल की नाही, हे ना वकिलाच्या हातात होतं ना अशिलाच्या.

अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये वकिलांच्या आचारनियमांबद्दल ५१२ क्रमांकाचं मत दिलं. पुरवलेल्या माहितीवरून स्वतः शिकत जाणाऱ्या साधनात अशिलाची माहिती घालण्याआधी त्याला धोका समजावून संमती घ्यावी, आणि वकील नेमतानाच्या कागदात एक ठोकळेबाज वाक्य घुसडलं म्हणजे संमती मिळाली असं होत नाही, असं त्यात आहे. तासावर फी घेणाऱ्याने खरोखर लागलेल्या वेळेचीच फी लावावी, हेही त्यातच आहे. (वकिलांच्या गप्पांत चर्चा रंगते ती या दुसऱ्या मुद्द्यावर!)

साधनांना माझा विरोध नाही. तारखांचा तक्ता करायला, मसुद्यातली पुनरुक्ती काढायला ती मीही वापरतो. माझं म्हणणं एवढंच, की कागद अशिलाचे आहेत, तेव्हा विचारायचं त्याला. आणि वकील विचारत नसेल, तर वकीलपत्रावर सही करताना अशिलानेच विचारावं: माझे कागद कुठल्या ॲपमध्ये जाणार, तिथे किती काळ राहणार, कोण पाहू शकणार? उत्तर लेखी मागावं.

– एक वकील